लाल औषध आणि हृदयातील लोह

कर्करोगाच्या रुग्णालयात शिरेतून द्यावयाच्या औषधांमध्ये एक औषध दुरूनही ओळखू येते. बाकीची बहुतेक औषधे पाण्यासारखी नितळ. हे मात्र डाळिंबाच्या रसासारखे लालभडक. ते देऊन झाल्यावर एक-दोन दिवस रुग्णाची लघवीही तांबूस होते, आणि आधी सांगून ठेवले नसेल तर घरची माणसे रक्त पडले असे समजून घाबरून डॉक्टरांकडे धाव घेतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील रुग्णांनी या औषधाला ‘लाल सैतान’ असे नाव ठेवले आहे. त्याचे शास्त्रीय नाव डॉक्सोरुबिसिन. स्तनाचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग, हाडांच्या काही गाठी, लहान मुलांच्या रक्ताचा कर्करोग अशा अनेक व्याधींवर ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याला स्थान आहे.

‘सैतान’ हे नाव पडले ते उलट्या, तोंड येणे, केस गळणे अशा त्रासांवरून. हे त्रास कष्टदायक खरे. पण ते ओसरतात, केसही पुन्हा येतात. या औषधाचा जो दोष वैद्यकाला इतकी वर्षे सलत आला आहे तो निराळाच. कर्करोगातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांचे हृदय पुढे दुबळे होते. कोणाचे काही महिन्यांत, तर लहानपणी औषध घेतलेल्या एखाद्याचे ऐन तारुण्यात, दहावीस वर्षे उलटल्यावर. एका रोगाच्या तावडीतून सोडविलेला माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवावा, असा हा व्यवहार झाला. औषध पेशींना मारते हे ठाऊकच होते. परंतु शरीरातील इतके अवयव सोडून ते नेमके हृदयाच्याच वाटेला का जावे? या प्रश्नाचा माग काढता काढता संशोधक शरीरात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या धातूंपाशी, विशेषतः लोहापाशी, येऊन पोहोचले.

औषधाचा जन्म इटलीच्या मातीतला, आणि हे अक्षरशः खरे आहे. दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात कास्तेल देल मोन्ते नावाचा एक अष्टकोनी किल्ला आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तो बांधविला. १९५० च्या दशकात फार्मितालिया या इटालियन औषधसंस्थेने मातीतील सूक्ष्मजीवांपासून कर्करोगावर औषध मिळविण्याचा उद्योग आरंभिला होता. या किल्ल्याच्या परिसरातून आणलेल्या मातीच्या नमुन्यात तांबडा रंग निर्माण करणारा एक सूक्ष्मजीव सापडला. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन ज्या वंशातील जीवापासून मिळाले त्याच वंशातला हा. त्या भागात प्राचीन काळी राहणाऱ्या प्यूसेती लोकांवरून त्याचे नामकरण झाले. त्याच सुमारास फ्रान्समध्येही तेच द्रव्य स्वतंत्रपणे हाती लागले आणि नावाचा प्रश्न उभा राहिला. अखेर त्याच प्रदेशातील ‘डाउनी’ ही दुसरी प्राचीन जमात आणि फ्रेंचांचे माणिक, म्हणजे ‘रुबी’, यांचा संधी करून डाउनोरुबिसिन हे नाव रूढ झाले. पुढे इटालियन संशोधकांनी त्या सूक्ष्मजीवात बदल घडवून एक नवी जात तयार केली. तिने दिलेले द्रव्य जवळजवळ तेच, केवळ एका ऑक्सिजन अणूची भर पडलेले; पण एवढ्याशा फरकाने ते कितीतरी अधिक प्रकारच्या गाठींवर लागू पडू लागले. हेच डॉक्सोरुबिसिन. १९६९ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला अ‍ॅड्रियामायसिन असेही म्हणू लागले, आणि १९७४ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली.

त्यापूर्वीच, १९६७ साली, डाउनोरुबिसिन दिलेल्या मुलांच्या हृदयावर विपरीत परिणाम होत असल्याचे नोंदले गेले होते. मोठ्या संख्येवर आधारलेला पहिला हिशेब १९७९ साली पुढे आला. डॅनियल व्हॉन हॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या ३,९४१ रुग्णांची कागदपत्रे तपासली. त्यांपैकी ८८ जणांचे हृदय निकामी होऊ लागले होते. टक्केवारी लहान दिसते, परंतु खरा बोध मात्रेत होता. हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे अमुक मिलिग्रॅम असे मोजून देतात, आणि प्रत्येक वेळच्या मात्रांची बेरीज ठेवतात. ही बेरीज ४०० मिलिग्रॅमपर्यंत गेली तेव्हा हृदय बिघडण्याचे प्रमाण शेकडा ३ होते, ५५० ला ते ७ झाले, आणि ७०० ला १८. पुढे २००३ साली अधिक काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत हेच आकडे अनुक्रमे ५, २६ आणि ४८ असे निघाले. म्हणजे पूर्वीचा हिशेब बराच आशावादी होता. तेव्हापासून डॉक्टर ही बेरीज सावकाराच्या वहीसारखी जपतात. गाठ अजून औषधाला दाद देत असताना केवळ हृदयाच्या भीतीने औषध थांबवावे लागणे, हा प्रसंग त्यांच्यावर वारंवार येतो.

आता कोड्याकडे वळावे. कर्करोगावरील औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, रक्त तयार करणारा अस्थिमगज यांना त्यांची झळ लागते ती त्यामुळेच. हृदयाचा स्नायू तर याच्या अगदी उलट. तो दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो, पण त्याच्या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी काढलेल्या अनुमानाप्रमाणे पंचविशीतल्या माणसाच्या हृदयात वर्षाकाठी शेकडा एक पेशी नवी होते, आणि पंचाहत्तरीत तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. येथे गेलेल्या पेशीची भरपाई होत नाही असेच समजावे. तेव्हा विभाजनावर घाव घालणारे औषध न विभागणाऱ्या हृदयाला मारते, याचा अर्थ ते तेथे दुसऱ्याच कोणत्या तरी मार्गाने काम करीत असले पाहिजे, असा तर्क होणे स्वाभाविक होते.

हृदयस्नायूत लोह भरपूर असते. प्राणवायू साठवून ठेवणारे मायोग्लोबिन हे तांबडे प्रथिन लोहयुक्त आहे. पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या ज्या बारीक कोठड्या, ज्यांना तंतुकणिका म्हणतात, त्या हृदयपेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापतात, आणि त्यांतील यंत्रणा लोहावाचून चालत नाही. मात्र हे लोह प्रथिनांच्या घडीत नीट बसविलेले असते. जादा लोह फेरिटिन नावाच्या पोकळ प्रथिनाच्या पोटात साठवून ठेवलेले असते. चुलीतला निखारा आणि गवताच्या गंजीवर पडलेला निखारा यांत जो फरक, तोच प्रथिनात बांधलेल्या आणि मोकळ्या लोहात.

मोकळे लोह काय करू शकते ते रसायनशास्त्राला १८९४ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी हेन्री फेंटन या इंग्रज रसायनज्ञाने असे दाखविले की, एरवी सहज न जळणारे टार्टारिक आम्ल, जे चिंचेतही असते, ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडासा लोहक्षार यांच्या संयोगाने झटपट ऑक्सिडीकृत होते. लोह पेरॉक्साइडला फोडून त्यातून एक अत्यंत तापट रेणुखंड मुक्त करते. तो ज्याला भेटेल त्याला, मग ते प्रथिन असो, पेशीपटल असो की डीएनए असो, भाजून काढतो. आणि लोह स्वतः मात्र पुन्हा पुन्हा त्याच कामाला मोकळे राहते. त्यामुळे अत्यल्प लोहदेखील पुरते.

डॉक्सोरुबिसिनच्या रेणूकडे पाहिले तर या आगीला लागणारे बहुतेक साहित्य त्याच्यापाशी तयार असल्याचे दिसते. त्याच्या सपाट शरीराचा एक भाग पेशीतील एंझाइमांकडून, म्हणजे जीवरासायनिक क्रिया घडविणाऱ्या प्रथिनांकडून, एकेक इलेक्ट्रॉन घेतो आणि तो प्राणवायूला देऊन टाकतो. त्यातून पेरॉक्साइड तयार होते. दुसऱ्या भागात ऑक्सिजनचे अणू अशा रीतीने शेजारी शेजारी बसलेले आहेत की, मधे लोहाचा अणू आला तर तो दोन्हीकडून पकडला जावा. औषधाचे तीन रेणू एका लोह-अणूभोवती फेर धरू शकतात, आणि ही पकड विलक्षण घट्ट असते. परीक्षानळीत औषधाच्या तांबड्या द्रावणात लोहक्षार घातला की रंग जांभळट होऊ लागतो, तो याच मिठीमुळे. अशा पकडीला रसायनशास्त्रात जो शब्द आहे तो खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे. कोकणात जिला डेंगा म्हणतात तीच ही नांगी. कर्क म्हणजेही खेकडा. तेव्हा कर्करोगावर मारा करणाऱ्या औषधाच्या अंगी खेकड्याचीच नांगी असावी हा योग मोठा मौजेचा आहे, त्यात शास्त्रार्थ शोधण्याचे कारण नाही.

याखेरीज हृदयाच्या आणखी दोन दुबळ्या बाजू आहेत. पेरॉक्साइड विझविणारे कॅटॅलेज हे एंझाइम यकृतात विपुल असते, पण हृदयात फारच थोडे. जेम्स डोरोशो या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या सुमारास हे दाखविले. दुसरे असे की, तंतुकणिकांच्या आतल्या पटलात कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. नावातच हृदय आहे. कारण तो प्रथम हृदयातूनच वेगळा केला गेला. डॉक्सोरुबिसिन त्याला घट्ट चिकटते. म्हणजे औषध नेमके त्या कोठडीत जाऊन बसते, जेथे इलेक्ट्रॉनांची ये-जा सर्वांत अधिक आणि लोहाचा साठाही मोठा.

धातू आणि प्रथिन यांचे नाते किती नाजूक असते, याचे एक उदाहरण येथे थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. पेशीद्रवात अ‍ॅकोनिटेज नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या गाभ्यात लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू मिळून एक घन बसविलेला असतो. हा घन शाबूत असेपर्यंत ते प्रथिन सायट्रिक आम्लावर काम करणारे साधे एंझाइम असते. पेशीत लोहाची टंचाई झाली की घन विस्कटतो, आणि तेच प्रथिन अगदी वेगळी भूमिका घेते. लोह आत आणणे आणि साठविणे यांसंबंधीचे जे आदेश पेशीत फिरत असतात त्यांवर ते जाऊन बसते आणि लोहाची आवक वाढविते. एकच कारकून सकाळी जमाखर्च लिहितो आणि संध्याकाळी कोठाराच्या किल्ल्या सांभाळतो, तसा हा प्रकार. जॉर्जो मिनोत्ती या इटालियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली असे दाखविले की, डॉक्सोरुबिसिनपासून हृदयात तयार होणारे एक उपद्रव्य या घनातील लोह उपटून काढते, आणि औषधाच्या इतर परिणामांशी मिळून त्या प्रथिनाची दोन्ही कामे बिघडवते. कोठारावर देखरेख करणारा कोणी उरला नाही, म्हणजे लोहाचा हिशेब कोलमडणारच.

लोहाखेरीज इतर धातूंनीही या प्रकरणात आपली साक्ष दिली आहे, आणि तीही हृदयाच्या बाजूने. तंतुकणिकांत मँगेनीजयुक्त असे एक एंझाइम असते. ते प्राणवायूच्या तापट रूपांना आवर घालते. ज्या उंदरांत ते नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात तयार होईल अशी योजना केली होती, त्यांच्या हृदयाला डॉक्सोरुबिसिनचा तडाखा कमी बसला. हा प्रयोग १९९६ सालचा. पुढच्याच वर्षी जस्त आणि तांबे यांना धरून ठेवणाऱ्या मेटॅलोथायोनीन या प्रथिनाच्या बाबतीतही उंदरांच्या हृदयात तसाच अनुभव आला.

लोह आग लावते हे खरे, तर औषधाच्या आधीच ते उचलून बाजूला केले तर? ही कल्पना आज सुचायला सोपी वाटते; प्रत्यक्षात ती वळणावळणाने आली. शिशाची विषबाधा झालेल्या माणसाला ईडीटीए नावाचे द्रव्य देत असत. ते धातूला नांगीत धरून लघवीवाटे बाहेर काढते. पण त्यावर विद्युत्भार असल्यामुळे ते पेशीच्या पटलातून आत शिरत नाही. लंडनच्या इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंड या संस्थेत अँड्र्यू क्राइटन यांनी १९६० च्या दशकात या रेणूला असे रूप दिले की, त्याच्या नांग्या मिटलेल्या राहाव्यात, तो निमूटपणे पेशीत शिरावा आणि आत गेल्यावर पाण्याच्या क्रियेने नांग्या उघडाव्यात. त्यांचा हेतू हृदय वाचविण्याचा नव्हता; कर्करोगावर नवे औषध शोधण्याचा होता. त्या कामी या द्रव्याने फारसे नाव मिळविले नाही.

इकडे अमेरिकेत युजीन हर्मन हे हृदयावरील विषारी परिणामांचा अभ्यास करीत होते. श्वानाचे हृदय शरीराबाहेर काढून, रक्तप्रवाह चालू ठेवून, त्यावर औषधांचा परिणाम पाहावयाचा अशी त्यांची रीत. अशा हृदयावर अ‍ॅड्रियामायसिन आणि डाउनोमायसिन, म्हणजे डाउनोरुबिसिनच, यांचा विषारी परिणाम टाळता येतो, हे सांगणारा लेख १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्या लेखावर हर्मन आणि ली यांच्यासमवेत आणखी दोन नावे आहेत: म्हात्रे आणि वरवडेकर. ही आडनावे मराठी श्रोत्यांना परकी वाटणार नाहीत. शास्त्रीय लेखावरील नावे वाचण्याची सवय सामान्य वाचकाला नसते, आणि म्हणून या विषयाच्या अगदी मुळाशी ही दोन नावे आहेत हे कोणाच्या ध्यानी आलेले दिसत नाही. क्राइटन यांचे द्रव्य पुढे याच कामासाठी हाती घेण्यात आले. हर्मन यांनी सहकाऱ्यांसह ते अनेक जातींच्या प्राण्यांवर वापरून पाहिले आणि प्रत्येक वेळी हृदयाचे रक्षण होत असल्याचे दिसले. हेच आजचे डेक्स्राझोक्सेन.

माणसांवरील निर्णायक अनुभव १९८८ साली न्यूयॉर्कहून आला. पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना डॉक्सोरुबिसिनपूर्वी हे द्रव्य दिले, त्यांची हृदये लक्षणीय रीतीने सुरक्षित राहिली. अमेरिकेत १९९५ साली त्याला मान्यता मिळाली. मुलांच्या बाबतीत स्टीव्हन लिपशुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा लेख महत्त्वाचा आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या २०६ मुलांपैकी निम्म्यांना केवळ डॉक्सोरुबिसिन दिले आणि निम्म्यांना डेक्स्राझोक्सेनसह. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातील ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात झिरपते. ते मोजून इजेचा अंदाज घेतला. पहिल्या गटात शेकडा ५० मुलांच्या रक्तात ते वाढलेले आढळले, दुसऱ्यात २१.

इतके असूनही हे संरक्षक औषध सरसकट दिले जात नाही, आणि त्याला कारणे आहेत. स्तनाच्या कर्करोगावरील एका चाचणीत डेक्स्राझोक्सेन सुरुवातीपासून दिलेल्या स्त्रियांच्या गाठी तुलनेने कमी प्रमाणात आटल्या. हृदयाची ढाल रोगालाही ढाल होते की काय, ही शंका त्यामुळे आली, आणि म्हणून अमेरिकेतील मान्यता डॉक्सोरुबिसिनची बेरीज ३०० मिलिग्रॅम झालेल्या स्त्रियांपुरती ठेवली गेली. लहान मुलांत त्याच्यामुळे पुढे दुसराच कर्करोग उद्भवतो की काय, अशीही भीती २००७ सालच्या एका लेखाने निर्माण केली. २०११ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने ते मुलांना देण्यास मनाई केली. नंतर जमलेल्या पुराव्यांवरून ती भीती तितकीशी खरी ठरली नाही. ज्या मुलांना डॉक्सोरुबिसिन ३०० मिलिग्रॅमच्या वर द्यावे लागणार आहे, त्यांच्यापुरती ही मनाई २०१७ मध्ये उठविण्यात आली. मधल्या सहा वर्षांत जी मुले या संरक्षणावाचून उपचार घेऊन गेली त्यांच्या हृदयांचा जमाखर्च आणखी कित्येक वर्षांनी कळेल. सावधगिरीचीही किंमत कोणाला तरी द्यावी लागते, आणि ती देणारा बहुधा त्या निर्णयाच्या वेळी जेमतेम बोलू लागलेला असतो.

येथवरची कथा सरळ आहे: लोह आग लावते, नांगी लोह उचलते, हृदय वाचते. विज्ञानात इतक्या सरळ कथा फार काळ टिकत नाहीत. थॅलेसीमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यातून साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी निरनिराळी औषधे आहेत. त्यांपैकी तोंडाने घ्यावयाची डेफेरिप्रोन ही गोळी अमेरिकेच्या कितीतरी आधी भारतात वापरात आली. तिच्यावरील सुरुवातीच्या कामात मुंबईच्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. लोह उचलण्यात ही औषधे डेक्स्राझोक्सेनपेक्षा तिळभरही कमी नाहीत, उलट सरसच. मग डॉक्सोरुबिसिनपासून हृदयाचे रक्षण त्यांनी तितकेच करावयास हवे. प्राण्यांवरील प्रयोगांत ते तसे झाले नाही.

या अपयशाने लक्ष दुसऱ्या एका प्रथिनाकडे वळले. डीएनएचा धागा म्हणजे घट्ट पिळाची दोरी होय. ती उलगडताना पुढे गाठी पडतात. टोपोआयसोमरेज-दोन हे प्रथिन मॅग्नेशियमच्या साहाय्याने दोरीचे दोन्ही पदर कापते, दुसरा भाग त्यातून पलीकडे काढते आणि कापलेले पुन्हा जोडते. डॉक्सोरुबिसिन नेमके या कापलेल्या जागी पाचर मारते. जोडणी होत नाही. तुटलेला डीएनए घेऊन पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी मरतात त्या मुख्यतः अशा. या प्रथिनाची दोन भावंडे आहेत. अल्फा हे विभागणाऱ्या पेशींत असते, बीटा मात्र सर्वत्र. प्रौढ हृदयपेशीत केवळ बीटाच. २०१२ साली ह्यूस्टन येथील एडवर्ड ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या हृदयपेशींत बीटा नव्हतेच. त्यांना डॉक्सोरुबिसिन दिले, आणि त्यांची हृदये बचावली. औषध तेच, लोह तेच. औषधाला धरावयास प्रथिन मात्र नव्हते.

योगायोगाची गोष्ट अशी की, डेक्स्राझोक्सेनदेखील या प्रथिनाला जाऊन चिकटते, पण दुसऱ्या टोकाला. त्यामुळे त्याची कवाडे मिटून राहतात आणि पेशी ते निकामी प्रथिन मोडीत काढते. डॉक्सोरुबिसिन येते तेव्हा बीटा जागेवर उरलेलेच नसते. २०२१ साली झेक प्रजासत्ताकातील चार्ल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी या बाजूने मोठा कौल दिला. डेक्स्राझोक्सेनच्या नांग्या उघडल्यावर जे लोहग्राही द्रव्य बनते तेच सरळ देऊन पाहिले असता हृदयाचे रक्षण झाले नाही. नांग्या मिटलेला रेणूच कामाचा. म्हणजे ज्या गुणासाठी क्राइटन यांनी तो घडविला आणि हर्मन यांनी निवडला, तो गुण या कामी उपयोगी पडतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

लोहाची बाजू एवढ्याने संपत नाही. शिकागो येथील संशोधकांनी २०१४ साली दाखविले होते की, डॉक्सोरुबिसिनने ज्यांची हृदये निकामी झाली त्यांच्या हृदयपेशींच्या तंतुकणिकांत लोह फार साठलेले असते. लोह काढण्याचे जे जुने औषध तंतुकणिकांत शिरू शकत नाही ते हृदय वाचवीत नाही, आणि शिरू शकणारे डेक्स्राझोक्सेन वाचवते. इतर लोहहारक औषधे का हरली, याचे हे एक उत्तर म्हणता येईल. २०१९ साली चीनमधील प्रयोगांत उंदरांच्या हृदयपेशी लोहामुळे पटले जळून मरतात असे दिसले. मृत्यूच्या या प्रकाराला २०१२ साली स्वतंत्र नावही मिळाले होते, फेरॉप्टोसिस. शिवाय ज्या मुलांत आनुवंशिक दोषामुळे लोह अधिक शोषले जाण्याची प्रवृत्ती असते, त्यांच्यात डॉक्सोरुबिसिननंतर ट्रोपोनिन वाढण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. निष्पक्षपणे पाहता असे वाटते की, पहिली ठिणगी बीटाला लागलेल्या पाचरेची असावी आणि त्यानंतर भडकणारी आग लोहाची. दोन्ही पक्षांचे प्रयोग या मांडणीत बसतात. मात्र माणसाच्या हृदयात कशाचा वाटा किती, हे त्यावरून ठरत नाही.

आपल्याकडे या सगळ्यातून एक चुकीचा अर्थ काढला जाण्याचा धोका आहे, तो वेळीच सांगितलेला बरा. भारतातील अनेक स्त्रिया कर्करोगाच्या आधीपासूनच रक्तक्षयाने खंगलेल्या असतात. लोह हृदयाला जाळते असे ऐकून कोणी पालेभाजी, नाचणी, गूळ किंवा डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. जेवणातील लोह कमी केल्याने माणसाचे हृदय या औषधापासून वाचते, असा कोणताही पुरावा नाही; उलट रक्त कमी असले म्हणजे हृदयाला अधिक राबावे लागते. ज्या लोहाची येथे चर्चा झाली ते पेशीच्या आतल्या कोठडीत सुटलेले लोह आहे, आणि त्याचा ताटातल्या लोहाशी संबंध फार दूरचा आहे.

प्रयोगशाळांतील प्रयत्न आता दोन दिशांनी चालले आहेत. बीटाला पकडावे पण अल्फाला मोकळे सोडावे, म्हणजे हृदय वाचेल आणि गाठीवरचा मारा ढळणार नाही, असे रेणू घडविणे ही एक दिशा. तंतुकणिकांपर्यंत पोहोचून तेथील लोहामुळे लागणारी आग विझविणारे रेणू ही दुसरी. रुग्णालयात तूर्त जुनीच रीत आहे. डेक्स्राझोक्सेन डॉक्सोरुबिसिनच्या दसपट प्रमाणात मोजतात, आधी ते नितळ औषध शिरेतून सोडतात आणि पुढच्या अर्ध्या तासाच्या आत लाल औषध चालू करतात. मग परिचारिका वहीत त्या दिवसाची मात्रा मागच्या बेरजेत मिळवून नवा आकडा लिहिते.